गुरुवारी हरवलेला तास

शुब्रा, काहिरा
शुक्रवार, नमाजाहून परतल्यावर

माननीय मेहुणे अबू वजदी,

तुम्हाला, माझ्या बहिणीला नवालला आणि वजदीला सलाम. गुडघा कसा आहे? नवालची साखर? (तिला सांगा, बसबूसा मिठाई खाऊन वर गोळी घेतली म्हणजे डॉक्टर फसत नाही.) गच्चीवरची कबुतरमंडळी दाणा नीट टिपतायत ना? तुमच्या सारूखची विशेष चौकशी. त्याचं-माझं वैर नाही. तो बिचारा उडाला तेवढाच उडाला, बाकीचं माणसांनी केलं. इकडे अल्लाहच्या कृपेने सगळे सुखरूप. आमच्या घरची उम्म सामिह गेले सहा आठवडे मला "कॉम्प्युटरचा नवरा" म्हणते, पण जेवायला वाढते.

कबुतर-क्लबच्या हंगामाच्या शेवटच्या जेवणाला तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत. हाज दसूकींनी फोनवर सांगितलं असेल, पण अध्यक्ष माणूस स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतो, म्हणून मी पहिल्यापासून लिहितो. एप्रिलमधली मिन्याची शर्यत आठवते ना? गुरुवारी संध्याकाळी पाखरं टोपल्यांत भरली, प्रत्येकाच्या कबूतरखान्यातलं घड्याळ जुळवून सील केलं, आणि त्याच मध्यरात्री सरकारने घड्याळं एक तास पुढे नेली. शुक्रवारी नव्या वेळेने साडेसहाला मिन्याहून पाखरं सुटली. माझी फिरोजा पायरीवर उतरली तेव्हा फोनमध्ये नऊ अडतीस झाले होते. मी वहीत लिहिलं (मी लिहितोच, सत्तावीस वर्षं कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करतोय, वहीशिवाय स्क्रू काढत नाही). सील केलेल्या घड्याळाने मात्र आठ अडतीसची नोंद केली, कारण त्या बिचाऱ्याला सरकारचा हुकूम कोण सांगणार? तो तास प्रोग्रामने मिळवायचा असतो. आपला तो क्लबचा फुकट प्रोग्राम, ज्याचा कोड जगात कुणीही उघडून वाचावा. त्याने मिळवला नाही.

परिणाम काय? सगळ्यांचाच एक तास वाचला आणि सगळेच वेगवान झाले. बेचाळीस सभासद, बेचाळीस विक्रम! अबू शनब म्हणे, "माझी लंगडी मादीसुद्धा मोटारीच्या वेगाने आली, अल्लाह मोठा आहे." पण विचार करा, तुमचं हेलवान मिन्यापासून दोनशे तीन किलोमीटर, माझं शुब्रा दोनशे सव्वीस. सारूखला लागली एकशे सत्तर मिनिटं, फिरोजाला एकशे अठ्ठ्याऐंशी. दोघांतून साठ-साठ वजा केली की ज्याचा प्रवास छोटा त्याचा फायदा मोठा. खऱ्या हिशेबात फिरोजा मिनिटाला आठ मीटरने पुढे. प्रोग्रामच्या हिशेबात सारूख ऐंशीने पुढे. आणि कप गेला हेलवानला.

मी क्लबात उभा राहून हे सांगितलं. हाज दसूकी म्हणाले, "उस्ता बहगत, बस खाली. सगळ्यांचे विक्रम झालेत, तुझ्या पोटात का दुखतंय?" मागून कुणीतरी म्हणालं, "मेहुण्यावर जळतोय." (आवाज अबू शनबचा होता. मी ओळखतो.) शेवटी ठरलं: हंगामाच्या जेवणापर्यंत सिद्ध कर, नाहीतर सगळ्यांसमोर तुमची माफी माग आणि क्लब सोड. तीस वर्षांचा क्लब, मेहुणे. मी "कबूल" म्हणालो आणि घरी येऊन कॉम्प्युटर उघडला.

प्रोग्राम सांभाळणाऱ्या बाई हॉलंडात असतात, नाव मारेइके. पगार नाही, हौस. त्यांच्याकडे चुका नोंदवायचं एक पान आहे. मी शब्दकोश घेऊन माझ्या इंग्रजीत रीतसर लिहिलं: आधी सलाम, मग मुलाबाळांची चौकशी, हॉलंडच्या हवेबद्दल दोन ओळी, आणि शेवटी, "तुमचा प्रोग्राम चोर आहे." उत्तर आलं तीन प्रश्नांचं. काय केलंत? काय व्हायला हवं होतं? काय झालं? आणि खाली, "मुलं मजेत आहेत, धन्यवाद."

मला राग आला. मला प्रश्न? दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली, म्हणाली, "उस्ता, मशीन बिघडलंय." मी नेहमीप्रमाणे खेकसलो, "बिघडलंय म्हणजे काय, बाई? फिरतं का? पाणी घेतं का? कपडे किती टाकले होते?" आणि हातातला पाना तसाच राहिला. मेहुणे, आयुष्यभर ज्या गिऱ्हाइकाला मी शिव्या घातल्या, ते गिऱ्हाईक मीच होतो!

मग बसलो. दुसरी नोंद चार पानांची झाली. प्रोग्रामची आवृत्ती, कॉम्प्युटरचं वय, वाऱ्याची दिशा, फिरोजाने आदल्या दिवशी खाल्लेला मका. बाईंचं उत्तर: "आता तुमचं पाखरू मला चांगलं ओळखीचं झालं. पण ज्यात चूक दिसते अशी सगळ्यात छोटी फाइल पाठवाल का?" म्हणजे मशीन सगळं सुटं करून नेमका तुटलेला पट्टा हातात द्यायचा! हे मला कुणी शिकवायला नको. एकशे चाळीस पाखरांतली अर्धी काढली, चूक तशीच. आणखी अर्धी, तशीच. करत करत दोनच उरली, फिरोजा आणि सारूख. मग वार बदलून पाहिले. घड्याळ शनिवारी रात्री पुढे जातं असं धरलं तर हिशेब चोख. गुरुवारी रात्री धरलं की तास गायब. तिकडे युरोपात घड्याळं रविवारी पहाटे बदलतात, म्हणून प्रोग्राम फक्त तिथेच तास शोधत होता. आपला शुक्रवार त्याच्या स्वप्नातही नव्हता.

तिसरी नोंद अकरा ओळींची. सलामसुद्धा एकच. सहाव्या मिनिटाला उत्तर: "चूक माझ्याकडेही दिसली. अकरा वर्षांत इतकी स्वच्छ नोंद मला कुणी पाठवली नव्हती." मी ते छापून दुकानात लावलंय, मोटरच्या किमतींच्या वर.

जेवणाच्या दिवशी दुरुस्त प्रोग्राम सगळ्यांसमोर चालवला. फिरोजा पहिली! आणि बेचाळीस विक्रम एका क्षणात पुसले गेले. भरलेल्या कबूतरांचं ताट (शर्यतीची नव्हेत, बाजारातली) समोर असूनही कुणी हात लावेना. हाज दसूकी म्हणाले, "सिद्ध केलंस, पण जेवण बेचव केलंस." मी चार खाल्ली. आणि ऐका, बाईंनी ती दोन पाखरांची फाइल प्रोग्रामच्या चाचण्यांत कायमची घातली आहे. यापुढे जगात कुठेही तो प्रोग्राम नव्याने तयार होईल, तेव्हा आधी फिरोजा सारूखला आठ मीटरने हरवील, मगच पुढचं काम. राजेमहाराजांच्या घोड्यांनाही हे नशीब नाही.

नवालला आशीर्वाद. गुडघ्याला तिळाचं तेल लावा.

तुमचा,
उस्ता बहगत

ता. क. कप तुमच्या फ्रिजवर, नवालने विणलेल्या जाळीखाली आहे असं कळतं. येत्या शुक्रवारी घेऊन या. फूल-फलाफलचा नाश्ता माझ्याकडे.

ता. क. दुसरा. बाईंनी विचारलं, ऑक्टोबरात घड्याळ मागे जातं तेव्हाचंही तपासाल का? तपासलं. तिथे प्रोग्राम तास वजा करायचा विसरतो, म्हणजे सगळ्यांना साठ मिनिटं जास्त, आणि फायदा दूरवाल्याचा. गेल्या ऑक्टोबरचा कप, जो मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, तो तीन मीटरने सारूखचा निघाला. उपाशीपोटी दोनदा आणि जेवून दोनदा चालवून पाहिलं. नोंद लिहिली, नऊ ओळींची. तीही आता कायमची चाचणी आहे. तुमचा कप घासूनपुसून खोक्यात ठेवलाय. येताना रिकामी पिशवीही आणा.

ता. क. तिसरा. क्लबात ऑक्टोबरचं कुणाला माहीत नाही. हाज दसूकींना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर अबू शनब म्हणेल, हा आता स्वतःवरही जळायला लागला.