शेवटचा न

बाई, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता ह्या रागाचं काय लोणचं घालायचंय, असं आई म्हणते. पण जात नाही तर जात नाही. शाळेत तुमच्यासमोर तोंड वर करून बोलायची छाती नव्हती, म्हणून आता बोलते.

चौथीत होते. शेजारच्याने माझी पाटी फोडली आणि मी रडत तुमच्या टेबलाशी आले, "बाई, ह्यानं माजी पाटी फोडलीन." पाटीचं राहिलं बाजूला. "फोडलीन नाही, फोडली. तो शेवटचा न कशाला? शेपूट आहे का तुझ्या वाक्याला?" वर्ग हसला. मी कान धरून उभी, 'फोडली, फोडली' म्हणत. आमच्या गावात सगळेच केलान, सांगितलान म्हणायचे; तुम्ही एकेकाचा न उपटून काढलात. पुढे वक्तृत्वात मी तालुक्यात पहिली आले, तेव्हा देवरूखच्या स्टँडवर तुम्ही मला कोकम सोडा पाजलात आणि म्हणालात, "आता कुठेही जा, तुझं बोलणं सगळं जग समजून घेईल." केवढं खरं वाटलं होतं मला ते! घरी येऊन मी आईच्या बोलण्यातले न काढायला लागले. "तुज्याशी बोलायचा म्हंजे परीक्षाच गो," असं म्हणून ती हळूहळू माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

आता तिची नजर काचबिंदूने गेली आहे. भाऊ मुंबईला, कामावर फोन उचलता येत नाही त्याला, मेसेज तेवढा वाचतो. तिला वाटतं, आपण बोलावं आणि फोनने लिहून पाठवावं, मध्ये मी नको. फोनला तशी सोय आहे म्हणून दिला तिच्या हातात. ती म्हणाली, "कवा येनार हायस?" फोनने लिहिलं, 'कावळा येणार आहे.' मी वाचून दाखवलं तर म्हणते, "जळ्ळा मेला, जित्तेपनी माजा दहावा घातलान!" पोट धरून हसली. मग फोन बाजूला ठेवला तो ठेवलाच, पुन्हा हात लावीना. तिला गप्प करायची ही दुसरी खेप होती.

म्हणून मी हे एआय शिकायला घेतलं. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलेली मी, देवरूखला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. गावात फोन लागतो पण नेट नाही, ते वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर मिळतं. रविवारी छत्री घेऊन कातळावर बसायचं आणि व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घ्यायचे. सगळे इंग्रजीत, मागे नेऊन नेऊन ऐकायचे. मालक जेवायला गेला की दुकानातला जुना कॉम्प्युटर माझा. नेटवर मोठी मशिनं फुकट वापरायला मिळतात, पण ती अर्ध्यातच हाकलून देतात, की पुन्हा पहिल्यापासून. थोडं मराठी आधीच शिकलेलं एक मॉडेल मिळालं. त्याला आवाज ऐकवायचा आणि ते वाक्य लिहून द्यायचं. जे ऐकवाल तेच ते शिकतं, आम्ही तुमच्या वर्गात शिकलो तसं.

आवाज गोळा करायला वाडीतल्या बायकांकडे गेले. कुंपणाच्या गडग्याशी उभ्या राहून तासन् तास बडबडणाऱ्या ह्या बायका. पण फोन समोर धरला की पदर सारखा करायचा, घसा खाकरायचा आणि, "मी सकाळी लवकर उठते व अंगण झाडते." व! बाई, आमच्या वाडीत बोलताना 'व' म्हणणारं माणूस दाखवा मला. सगळ्या तुमच्याच हाताखालून गेलेल्या. त्यांच्या आवाजांवर मॉडेल शिकवलं, आईपुढे धरलं, पुन्हा कावळाच. सगळी मेहनत पाण्यात. सड्यावर बसून रडले मी.

शाळेच्या गॅदरिंगच्या जुन्या कॅसेटी असतील, त्यात न उपटायच्या आधीचे लहान पोरांचे आवाज मिळतील, म्हणून तुमच्या बहिणीकडे पावसला गेले. त्यांनी गरे पुढे ठेवले. "शाळेच्या नायत गो. आमच्या दादाला आखातात पाठवायचो त्या हायत. आयला लिवता येत नव्हता, म्हनून सगली जना बोलून कॅसेट भरायचो. तुजी बाई पन हाय त्यात."

"बाई अशाच बोलायच्या? तुमच्यासारख्या?"

"मग? घरात काय कोन भाषन करतो?"

टेप लावला आणि तुमचा आवाज आला. "दादा, आयनं आज फनस कापलान नि हात चिकट करून घेतलान. तुजी आटवन काडलीन." आणि मोठ्याने हसलात. वर्गात तुम्ही असं कधी हसला नाहीत. बाई, तो न तुमच्याकडे होता! सुट्टीत घरी जाऊन मजेत वापरायचात आणि शाळा उघडली की मला कान धरायला लावायचात. स्वतःचा जपून ठेवलात, आमचा काढून घेतलात. ह्याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? "तुमच्या भल्यासाठीच," असं म्हणाल. त्या भल्यापायी माझी आई माझ्याशी बोलायची थांबली, त्याचं काय?

कॅसेटी मागून आणल्या आणि आमच्या पडवीत बायकांना ऐकवल्या. मग एकीने कपाळावर हात मारला, "अगो बाय माजे! बाई पन आपल्यासारकीच!" झालं, जी तोंडं सुटली ती दिवेलागणीपर्यंत. मी फोन कधी चालू केला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांचे आवाज आणि तुमचा, दोन्ही मॉडेलला शिकवले. परवा आई म्हणाली, "कवा येनार हायस? तुज्या बायकोनं फोन केलान नाय." फोनने लिहिलं. जसंच्या तसं, न सकट. जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला, "आये, तूच ना गो?" मग आईने त्याला मनसोक्त झापलं.

तुमच्या आवाजाशिवाय हे झालं नसतं, ते मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. हे पत्र टाकायला कुठला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. एक मात्र सांगते. हे मी आमच्या बोलीतच लिहायला बसले होते. पहिलंच वाक्य लिहिलं, 'बाईनं मना फसवलान.' आणि पुढचा शब्द सुचायच्या आत माझ्याच हाताने तो शेवटचा न खोडला.