बोटीवर न्यायचं सामान

४ नोव्हेंबर

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. दुकानभर औषधं तुझी, पण स्वतः गोळी घ्यायची वेळ आली की लहान मुलासारखं तोंड वळवायचं, ही तुझी जुनी खोड.

आता माझी बातमी. फोनवर सांगितली असती, पण फोन बैठकीत आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुझे भावजी, म्हणून लिहिते. सासूबाईंच्या ऐंशीच्या वाढदिवसाला धाकट्या दिरांनी सगळ्यांना बोटीच्या सहलीला न्यायचं ठरवलंय. बोट म्हणजे नुसतं तरंगतं हॉटेल, पोहण्याच्या तलावासकट. बाहुलीचं, म्हणजे जाऊबाईंच्या लेकीचं लग्न ठरलंय. तिचा होणारा नवरा, दातांचा डॉक्टर, आणि त्याची आईही बरोबर येणार. जाऊबाईंनी घरी येऊन सांगितलं की एका रात्री सगळ्यांनी नटून जेवायला बसायचं असतं, तेव्हा जरा बरं काहीतरी आणा. शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या बाईला हे सांगायचं! एरवी मी हसून सोडून दिलं असतं.

पण या वेळी नाही. माझ्या मनीचं ठरलेलं लग्न कुणी मोडलं ते मला कळलंय.

त्या मुलाची आई गेल्या आठवड्यात दुकानात आली होती. कोट सैल करून हवा होता. मी माप घेत होते आणि तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मला फक्त ऐकता आलं. ती म्हणाली की मनीला फीट येते हे मुलाने त्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांची काही हरकत नव्हती. पण नंतर जाऊबाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलंय म्हणाल्या, की या मुलीच्या हाती तान्हं मूल देऊ नका, संसार हिला झेपायचा नाही. तसं कुठल्याही डॉक्टरने कधी म्हटलेलं नाही. ती माउली घाबरली, मुलगा आईपुढे वाकला, आणि माझी मनी घर सोडून इतक्या लांब नोकरीला गेली.

आणि ऐक. बाहुलीलाही फीट येते. शाळेत होती तेव्हा माझ्या दुकानात, दोन मशीनच्या मधल्या जागेत पडली होती. मीच तिचं डोकं मांडीवर घेतलं. जाऊबाईंनी माझे हात धरून शब्द मागितला, आणि मी तो इतकी वर्षं पाळला. अगदी तुझ्यापाशीसुद्धा.

आता पलंगावर बॅग उघडी पडली आहे. माझे दोन साधे पोशाख, एक शाल. भावजींचे जाड बूट मी बाहेर काढले, कारण मला जागा हवी आहे. मनीच्या लग्नाचा झगा नेणार आहे. तोच, ज्याच्या बाह्यांवर मी डोळे फुटेपर्यंत मणी लावले. नटून जेवायच्या रात्री सगळ्यांसमोर तो बाहुलीला भेट देणार. होणारी विहीण विचारेलच की हा कुणाचा, घातला का नाही. मग मी सांगेन. मनीचंही सांगेन, आणि बाहुलीचंही. जाऊबाईंचा चेहरा मला जवळून बघायचाय.

झगा आत घातला की बॅग बंद होत नाही. वर बसूनही पाहिलं. काही युक्ती असेल तर कळव.

माझ्यावरची माया अशीच असू दे.
तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गल्ल्यावर बसून वाचलं आणि एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल दिलं. त्याने ते परत आणलं हे नशीब.

आधी बॅगेचं बोलते, कारण दुसरं बोलायला धीर गोळा करावा लागेल. मोठी बॅग बोटीवर चढताना ते लोक काढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत खोलीत आणून ठेवतात. म्हणून भावजींची रक्तदाबाची औषधं, चष्मा आणि एक बदलायचा कपडा खांद्यावरच्या पिशवीत ठेव. इस्त्री नेऊ नकोस. आगीच्या भीतीने काढून घेतात. तुला सुरकुती दिसली की अंगावर काटा येतो हे ठाऊक आहे, पण तेवढे दिवस डोळे मीट. बूट भावजींना परत दे. ओल्या डेकवर ते सपाता घालून घसरले तर तुझा सूड बाजूलाच राहील आणि तू प्लास्टरवाल्याला शोधत फिरशील. बोट लागू नये म्हणून गोळ्या पाठवते आहे. त्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या.

आता दुसरं. ताई, मला इतका राग आलाय की त्या बाईला कठड्यापाशी उभं करून फोटो काढते म्हणावं आणि आणखी मागे, आणखी मागे सांगत राहावं असं वाटतं. तेव्हा मी तुला शांत हो म्हणणार नाही. तिने जे केलं ते तिला भोगायला लागलंच पाहिजे.

पण बाहुलीचं काय? ती पोर सुट्टीत माझ्याकडे यायची, बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. तिला आपल्या आईचा हा उद्योग ठाऊक असेल असं मला वाटत नाही. तू टेबलावर जे मांडशील ते जाऊबाईंना लागेल खरं, पण आधी बाहुलीच्या वर्मी बसेल. आणि मनीला विचारलंस का? झगा तिचा, दुखणं तिचं. तू विचारणार नाहीस हे ओळखून मीच तिला सगळं लिहिलं आहे. आता मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

शिव्या दिल्यास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
चिंगी


१५ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशीचं पत्र आलं. वाचून मी कचेरीच्या गच्चीवर गेले आणि वारा मोजायच्या यंत्राखाली बराच वेळ उभी राहिले. आमच्या हवामान खात्यात रडायला तेवढी एकच जागा आहे.

तर ती काकू होती. मी उगीच स्वतःला खात बसले होते. वाटायचं, त्याच्या आईसमोर मी काहीतरी वेडंवाकडं बोलले असेन.

तू काकूला माफ कर असं मी म्हणणार नाही. मी स्वतः केलेलं नाही, आणि करीन असंही वाटत नाही. पण आई, तू सगळ्यांसमोर सांगणार की बाहुलीला फीट येते, आणि त्या बाईचं तोंड पडलं की तुला समाधान वाटणार. म्हणजे फीट येणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, असंच तूही म्हणणार. काकू त्या घरी जाऊन दुसरं काय म्हणाली? तू माझी आई आहेस. माझं दुखणं चिखलासारखं उचलून दुसऱ्या मुलीच्या अंगावर फेकलंस, तर तो माझ्याही अंगावर उडेल.

बाहुलीचं बाहुलीला सांगू दे, किंवा न सांगू दे. काकूचं मात्र काकूला सांगायला लाव. तिने काय केलं, कुठे जाऊन केलं, कुणाबद्दल खोटं बोलली, हे तिच्या तोंडून आजीसमोर निघालं पाहिजे. मला एवढंच हवंय, आणि ते अगदी मनापासून हवंय. ती रडली तर थांबू नकोस.

झगा नेऊ नकोस. तो विकून टाक. कुणीतरी आनंदाने घालेल. मी कधी लग्न केलंच, तर तू नवीन शिवशील, आणि या वेळी मणी लावायला मी शेजारी बसेन.

बॅगेत जागा झाली की जाड लोकरी कोट घाल. तुमच्या वाटेवर वारा असणार आहे. हा अंदाज मी स्वतः काढलाय, तेव्हा हसू नकोस.

बाबांना नमस्कार. आठवण ठेव आणि रोज थोडी चाल.
तुझी,
मनी


१ डिसेंबर

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल परत आलो. जमीन अजून हलते आहे. कपडे धुवायला टाकले आणि आधी तुला लिहायला बसले.

निघायच्या आधीच झगा बॅगेतून काढला. मनीच्या पत्रावर मी दोन दिवस चिडले होते, तुझ्यावर तर जास्तच. मग तिसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेत झगा लावला, आणि दुपारच्या आत एक मुलगी तो घालून आरशासमोर गोल गोल फिरली. तिच्या मापाने कंबर लहान करून दिली. जागा झाली त्यात लोकरी कोट गेला आणि भावजींचे बूटही गेले. अंदाज बरोबर निघाला असं मनीला फोनवर कळवलंय. वारा असा होता की डेकवरच्या खुर्च्या साखळीने बांधून ठेवल्या होत्या.

पहिल्याच दुपारी जाऊबाईंना बोट लागली. मी तुझ्या गोळ्या घेऊन त्यांच्या खोलीत गेले. गोळी दिली, पाणी दिलं, आणि त्या गिळताहेत तोवर सांगितलं की कोट सैल करायला कोण आलं होतं. आधी म्हणाल्या की ती बाई खोटारडी आहे. मग म्हणाल्या की आपल्या मनात वाईट नव्हतं. मग एकदम उठून बसल्या आणि माझा हात धरला. बाहुलीचं सांगू नका, विहीणबाई लग्न मोडतील, अशी गयावया करायला लागल्या. मनीबद्दल एक अक्षर नाही, चिंगे. तेवढं निघालं असतं तर कदाचित मी विरघळले असते.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हात सोडवून घेतला आणि वर जाऊन आइस्क्रीम खाल्लं.

त्यानंतर मी काय केलं ते तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. प्रत्येक जेवणाला विहीणबाईंच्या शेजारी बसले. गमतीशीर बाई आहे. तिला शिवणाची आवड. मी तिच्या कानाशी लागून पडद्यांच्या झालरीबद्दल बोलायचे आणि मधेच जाऊबाईंकडे बघायचे. त्यांचा चमचा हवेतच थांबायचा. मग मी पुन्हा झालरीकडे वळायचे. मला लाज वाटली का? नाही. मनी घरातून गेली त्या दिवसापासून मला अन्नाची चव लागत नव्हती. बोटीवर मी दोनदा वाढून घेतलं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी जाऊबाई स्वतःच आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला काय हवंय ते विचारलं. मी सांगितलं की दुपारी सासूबाईंच्या खोलीत चहाला फक्त आपण घरचे असू, तिथे मनीचं काय केलंत ते सांगा. बाहुलीचं नाव मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

सांगितलं त्यांनी. मी चुकून बोलून गेले, अशी सुरुवात केली. मी तिथेच थांबवलं. मुद्दाम कपडे बदलून, दुसऱ्याच्या घरी जाऊन बोललं जातं त्याला चुकून म्हणत नाहीत म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या रडल्या. मी थांबले नाही, मनीने तसं बजावलं होतं. तुझ्या भावजींनी कप इतका घट्ट धरला की कान तुटून हातात आला. दीर खिडकीबाहेर बघत राहिले. सासूबाईंचे केस रोज जाऊबाई विंचरतात. सासूबाईंनी फणी उचलून माझ्याकडे दिली, एवढंच.

पण खरं पुढेच घडलं. बाहुली उठली. तिने आईला विचारलं की मनीताईचं जाऊन सांगितलंस, मग माझं का लपवलंस. पोर तशीच दार उघडून वरच्या डेकवर गेली, आपल्या डॉक्टरला शोधून त्याला स्वतः सगळं सांगितलं. जाऊबाई मागे धावल्या, पण डेकचं दार वाऱ्याने असं दाबून धरलं होतं की त्यांना ढकलता येईना. मी मागेच उभी होते. मी हात लावला नाही.

थोड्या वेळाने तो मुलगा माझ्याकडे आला. केस उडालेले, कान लाल झालेले. म्हणाला, काकू, तुम्ही तिला सांभाळलं होतं असं ती म्हणते, तर मी नेमकं काय करायचं ते दाखवा. मी दाखवलं. कुशीवर वळवायचं, गळ्याशी घट्ट काही असेल ते सैल करायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळून हलायचं नाही. त्याने खोलीतल्या उशीवर दोनदा करून पाहिलं. उशीला इतक्या हळुवार वळवलं की मला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

रात्रीच्या जेवणाला सगळे नटून बसले तेव्हा त्याच्या आईने जाऊबाईंना विचारलं की मुलीने सांगितलं ते तुम्ही का नाही सांगितलंत, आम्हाला काय समजलात. एवढंच विचारून मुलीच्या ताटात वाढायला लागली. लग्न आहे तिथेच आहे. जाऊबाई मात्र उरलेले दिवस एकट्याच फिरल्या. बाहुलीने आईच्या खोलीतून आपली बॅग उचलून माझ्या खोलीत आणली आणि भावजींना दिरांच्या खोलीत जावं लागलं. दोघे भाऊ रात्रभर घोरले म्हणे.

समाधान झालं का विचारशील. झालं. थोडं उरलंय, तेही बघते.

गुडघ्याची काळजी घे. तू आहेस म्हणून मी लिहिते, हे विसरू नकोस.
तुझी,
ताई


१२ डिसेंबर

सौ. जाऊबाईंस,
स. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी दिरांबरोबर मिळाली. बाहुली तुमच्याशी बोलत नाही, तिला मी समजवावं असं तुम्ही लिहिलंत. ती लग्नाच्या पोशाखाचं माप द्यायला माझ्याकडे येते. हसते, चहा घेते, मशीनवर बसून टाका घालायला शिकते. तुमचा विषय ती काढत नाही, आणि मीही काढत नाही. बोलावंसं वाटेल तेव्हा ती बोलेल. मी घाई करायला सांगणार नाही.

दरवेळेसारखा तुमचाही पोशाख मीच शिवावा, असं तुम्ही खाली लिहिलंत. तो मी शिवणार नाही. तुमचं माप एका कागदावर काढून सोबत पाठवते आहे, कुठल्याही शिंप्याला दाखवा. खांदे सध्या थोडे उतरलेत तुमचे, त्याप्रमाणे बदललं आहे.

मनी लग्नाला येते आहे. रजा मिळाली. बाहुलीने तिला स्वतः फोन करून बोलावलं. बसायची व्यवस्थाही बाहुलीनेच ठरवली आहे. पहिल्या रांगेत एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि आपल्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर मनी. समारंभ बराच लांबेल. तिच्याशी काय बोलायचं ते आतापासून ठरवून ठेवा.

सासूबाईंचे केस मी विंचरते आहे, काळजी नसावी. लोभ तुमच्याकडून मागत नाही, माझ्याकडून त्याची अपेक्षा ठेवू नये.

आपली,
थोरली जाऊ