म्हातारा जेवतोय

सोमवार, ३ मार्च

परत हॉलभर शू! एका कोपऱ्यात म्हाताऱ्या कुत्र्याने, दुसऱ्या कोपऱ्यात धाकट्याने. धाकट्याला अजून कळत नाही आणि म्हाताऱ्याला कळेनासं झालंय. पुसणारी मी एकटी. नंतर दोघंही माझ्याकडे अशा काही गरीब चेहऱ्याने बघतात की ओरडायचीही सोय राहत नाही.

जिन्याच्या तोंडाशी नवऱ्याने आडवी फळी ठोकून ठेवलीय, गुडघ्याच्या वर येणारी. धाकटा गडगडू नये म्हणून ठोकली होती, आता म्हाताऱ्यासाठीही तीच. दिवसभर मी त्या फळीवरून टांग टाकून आत-बाहेर. हातात कधी पोर, कधी गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं, कधी बादली. आज माझ्याच पायजम्याची शिवण उसवली. शिवणकाम करणाऱ्या बाईची!

म्हातारा खरं तर नवऱ्याचा, लग्नाच्या आधीपासूनचा. मी या घरात आले तेव्हा दारात उभा राहून माझ्यावर गुरगुरला होता. आता त्याचं ढुंगण मीच धुते. मालक आठवडाभर ट्रकवर, शनिवार-रविवार आला तर आला. आल्यावर म्हाताऱ्याच्या गळ्यात पडतो, सोमवारी चालता होतो.

मंगळवार, ४

कपडेपटाच्या बाईंचा फोन! एवढ्या वर्षांनी. थोरलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा मी थिएटर सोडलं, त्यानंतर पँटी आखूड करणं नि चेन बदलणं, एवढंच. बाई म्हणाल्या, नवं नाटक घेतलंय, जुन्या काळातलं. सगळ्यांना लांब कोट, उभ्या कॉलरी. कापायला माणूस नाही. एक तारखेपासून ये, कायमची ये.

फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. हसू आवरत नव्हतं.

मग बसून सगळं जुळवलं. धाकट्याला एक तारखेपासून पाळणाघरात जागा आहे. थोरली शाळेतून खालच्या काकूंकडे जाईल. राहिला म्हातारा. काकू म्हणाल्या, पोरं हवी तेवढी आण, पण तो कुत्रा नको बाई, माझ्याच्याने उचलवणार नाही. खरंच आहे. मागचे पाय गेलेत त्याचे. मी कोटाच्या जुन्या अस्तराची झोळी शिवलीय, ती पोटाखालून घालून वर धरायची, तेव्हा कुठे तो चार पावलं टाकतो. दिवसातून कितीदा ते विचारू नये.

बाईंना कळवलं, कुत्रा फार आजारी आहे, जरा थांबा. त्यांच्या घरी मांजरंच मांजरं. लगेच विरघळल्या. म्हणाल्या, मुक्या जिवाचं आधी बघ, मी महिनाअखेरपर्यंत कोणाला घेत नाही.

शुक्रवार, ७

जनावरांचे डॉक्टर घरी येऊन गेले. गुडघे टेकून बराच वेळ तपासत होते. मूत्रपिंडं थकलीत, बरा होणार नाही. दुखतंय का विचारलं, तर म्हणाले, थोडं, पण गोळीने निभतंय. मग कधी? हे विचारताना माझा आवाज कसा निघाला देव जाणे. डॉक्टर म्हणाले, "स्वतःहून जेवतोय तोवर राहू द्या. ज्या दिवशी भांड्याकडे पाठ फिरवेल, त्या दिवशी मला फोन करा."

पोरं तिथेच होती. धाकटा डॉक्टरांच्या बॅगेची चेन उघडत होता. थोरली म्हाताऱ्याच्या कानातली जट सोडवत बसली होती.

रविवार, ९

नवरा आला. मी सगळं सांगितलं, नोकरीचं, डॉक्टरांचं. म्हणतो, जा की कामावर, तुला अडवलंय कोणी? म्हटलं, आणि याला? तर म्हणे माझ्यामागे त्याला काही करायचं नाही. जे काय ते मी असताना. आणि जेवतोय तोवर तर नाहीच.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! कोणी अडवत नाही आणि कोणी सोडतही नाही. ट्रकच्या सीटवर बसून शहाणपण सुचतं बरं यांना.

खरं सांगायचं तर मी आता म्हाताऱ्याच्या जेवणाकडे डोळे लावून बसते. लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहिणार तर कुठे? संध्याकाळी मी कोंबडी उकडून, बटाटा कुस्करून देते, त्यात गोळी. भांडं ठेवण्या-उचलण्याचं काम थोरलीने मागून घेतलंय. मी तेव्हा ओट्याशी नाही तर धाकट्याला आंघोळ घालत. आणि रोज मनात एकच, आज तरी ठेवेल का थोडं?

सोमवार, १०

भांडं चाटूनपुसून साफ.

मंगळवार, ११

साफ. पोट आहे का पिंप!

गुरुवार, १३

शाळेतून बोलावणं. थोरलीच्या बाईंनी मला वर्गाबाहेर घेतलं, आवाज अगदी खाली आणला. म्हणाल्या, घरी काही अडचण आहे का? मुलगी वर्गात सांगत होती, आमच्या आजोबांना आई आणि बाबा झोळीत घालून फिरवतात, ते हॉलमध्ये शू करतात, आणि जेवले नाहीत तर डॉक्टर येऊन त्यांना मारून टाकणार आहेत.

पोरं म्हाताऱ्याला आजोबा म्हणतात, हे बाईंना कोण सांगणार! मी सांगितलं. बाईंना हसू आवरेना, मलाही. रस्त्यात मात्र हसू ओसरलं. मी थोरलीला विचारलं, तुला असं वाटतं का, की मारून टाकणार? ती म्हणाली, "जेवतोय ना तो? मग नाही ना मारणार." मी म्हटलं, नाही. काय म्हणणार दुसरं?

शनिवार, १५

नवरा आला नाही. माल उतरवायला उशीर.

दुपारी धाकटा झोपला तशी जुना पडदा काढला आणि उभ्या कॉलरीचा कोट कापायला घेतला, हात बसावा म्हणून. पूर्वी नुसत्या नजरेने कापायचे. आज कॉलर मानेशी बसेना. तीनदा उसवली. एका बाजूला ओढ घेते, दुसरीकडे झोळ. म्हातारा मशीनच्या पायट्यावर हनुवटी टाकून पडलेला, पाय हलवला की गुरगुरतो. त्याचे केस टिपेत जातात. असं कुठे काम होतं का? गुंडाळून कपाटात टाकला. एकदा हा सुटला म्हणजे नीट बसून करेन.

"सुटला" असं लिहिलं मी. राहू दे, खोडत नाही.

रविवार, १६

नवऱ्याचा फोन. आधी म्हातारा कसा आहे, मग पोरं कशी आहेत. माझी पाळी येईपर्यंत त्याची रेंज गेली.

मंगळवार, १८

झोळी सैल होतेय. गेल्या आठवड्यात दोन बोटं आत घेतली होती, आज पुन्हा दोन बोटं. बरगड्या हाताला लागतात. भांडं रोज साफ, मग जातंय कुठे? कपड्याचं माप खोटं बोलत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, या वयात अंगाला लागत नाही.

आणि इकडे थोरलीची जेवणात नाटकं. समोर ताट ठेवलं की पोट दुखतं. चार घास चिवडते आणि उठते. आज मी पाठीत धपाटा घातला. एक कुत्रा सांभाळायचा, एक तान्हं सांभाळायचं, आणि या बयेची मिनतवारी कोण करणार? ती रडली नाही. म्हाताऱ्याजवळ जाऊन बसली.

गुरुवार, २०

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

संध्याकाळी धाकट्याला आंघोळीला न्यायचं तर तो हाताला लागेना. शोधत हॉलमध्ये आले. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्या पाठीमागे दोघं फरशीवर मांडी घालून, मध्ये कुत्र्याचं भांडं. थोरली त्यातलं बोटांनी खात होती. घास घशाखाली जात नव्हता, डोळे मिटून गिळत होती. धाकटा चिमणीसारखा आ वासून बसलेला, एक घास त्याला, एक स्वतःला.

मी किंचाळले. भांडं उडालं. पहिलं काय आठवलं तर गोळी! थोरलीचे दोन्ही दंड धरले, गोळी कुठे आहे, गोळी खाल्लीस का, रोज खात होतीस का? गदागदा हलवलं तिला.

ती म्हणाली, "गोळी मी त्याला आधी देते. जिभेच्या मागे ठेवून तोंड मिटायचं. तसं डॉक्टरांनी केलं होतं."

मग म्हणाली, "त्याला नको असतं. मी पुष्कळ सांगते. दोन घास खातो फक्त. मग मीच संपवते."

मी खाली बसले. तिच्या तोंडाला बटाटा लागलेला, पदराला... कसला पदर, गाऊनच्या बाहीला पुसला. धपाटा आठवला. सात वर्षांची पण नाही अजून. कधीपासून, हे मी विचारलं नाही. झोळीने मला सांगितलंच होतं, मी ऐकलं नाही. मी ओट्याशी उभी राहून भांडं भरलेलं परत यावं म्हणून वाट बघत होते, आणि माझी पोरगी ते रिकामं करत होती. एकाच घरात!

तिला जवळ घेतलं तर अंग ताठ. विचारते, तू डॉक्टरांना सांगणार का?

शुक्रवार, २१

सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका, तो उपाशी आहे. नवऱ्यालाही फोन केला. तो आधी थोरलीवर चिडला, मग माझ्यावर. तुझं लक्ष कुठे होतं म्हणे! मीही सोडलं नाही. म्हटलं, माझं लक्ष दोन पोरं, एक कुत्रा आणि लोकांच्या पँटींत होतं, तुझं कुठे होतं? मग म्हणाला, मी रविवारी सकाळी येतोच. डॉक्टरांना बोलव.

थोरली माझ्याशी बोलत नाही. भांडं मात्र घासून जागेवर ठेवलं.

रविवार, २३

संपलं.

नवऱ्याने त्याला उचलून खिडकीपाशी उन्हात ठेवलं. खाली माझा जुना कोट. मुलांना काकूंकडे पाठवायचं ठरलं होतं, थोरली जाईना. फळीला धरून उभी. शेवटी नवरा म्हणाला, राहू दे तिला. तिने म्हाताऱ्याचा कान धरून ठेवला. डॉक्टर हळू आवाजात प्रत्येक गोष्ट तिला सांगत होते, आता हे करतोय, आता त्याला झोप येईल. नवरा लहान मुलासारखा रडला. मी नाही रडले, मी त्याचं डोकं धरलं होतं. जड झालं ते हातात, एकाएकी.

थोरलीने मला विचारलं, "त्याला भूक लागली होती का?" मी म्हटलं, नाही गं. "मग बरं," म्हणाली. नंतर माझ्या मांडीवर येऊन बसली. आता तिचे पाय खाली लोंबतात.

संध्याकाळी नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, आता जा तू कामावर. मोकळी झालीस.

सोमवार, २४

मशीनवर बसले. पाय मोकळा. टीप सरळ जाते. एकच पँट केली आणि उठले.

बुधवार, २६

पाळणाघर पाहून आले. स्वच्छ आहे. धाकटा तिथल्या बाईंच्या कडेवर लगेच गेला, वळूनही पाहिलं नाही. सगळं जमतंय. नवरा रोज फोनवर विचारतो, कळवलंस का थिएटरला? उद्या कळवते म्हणते.

पडद्याचा कोट कपाटातून काढला होता. म्हातारा नाही, केस नाहीत, घर शांत. कॉलर आजही बसली नाही, आता दोष कोणाला देणार? परत आत टाकला.

शुक्रवार, २८

कपडेपटाच्या बाईंचाच फोन आला. सोमवारी महिना संपतोय, मंगळवारी एक तारीख, मला नक्की सांग, म्हणाल्या. मग हळूच, "कसा आहे गं म्हातारा?"

आणि मी म्हटलं, "तसाच आहे हो. त्याला असं टाकून कशी येऊ? तुम्ही दुसरं कोणी बघा."

त्या म्हणाल्या, काळजी घे त्याची. फोन ठेवला तर थोरली समोर उभी, दप्तर खांद्याला. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून उभी राहिली.