मास्क आणि निळ्या केसांची पोरगी

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

पळालो. नगरच्या दवाखान्यातून, मशीनच्या खोलीतून, चप्पल हातात घेऊन!

घशातल्या गाठीला पंचवीस वेळा रेडिएशन द्यायचं आहे. दर वेळी तोंडावर जाळीचा मास्क बसवतात आणि टेबलाला खटाखट अडकवतात, मान हलू नये म्हणून. तो मास्क पाहिला आणि पाय आपोआप दाराकडे वळले. दीना बाहेर बाकावर बसली होती. "अहो, झालं एवढ्यात?" मशीन बंद आहे म्हणालो. बायकोशी खोटं, तेही या वयात! राहात्यापर्यंत एसटीत घाम पुसत बसलो. दवाखान्यातून फोन आला तर?

२ सप्टेंबर

फोन आलाच, तोही दीनाने घेतला. ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले होते — आत्ता घेतलं तर आवाज राहील, उशीर केला तर नरडं कापावं लागेल. सगळं कळतं. तरी उद्याही जाणार नाही.

संध्याकाळी नात जास्मिन मोबाईल घेऊन शेजारी बसली. जपानी कार्टून, हिंदी बोलणारं. ("कार्टून न्हाई आजोबा, ॲनिमे!") निळ्या केसांची शाळकरी पोरगी. पुढ्यात डोंगराएवढा राक्षस. ती म्हणते, मला भीती वाटते. उघड म्हणते! मग काठी फिरवते — पायात बूट, हातात मोजे, अंगावर झगा, चहूकडे तारे — आणि जाते.

तीन भाग पाहिले. दीना आतून म्हणाली, "जादूची चित्रं या घरात नकोत. पवित्र शास्त्रात मना हाय."

३ सप्टेंबर

गेलो. मास्क आणला तेव्हा डोळे मिटले आणि मनात बूट चढवले. मग मोजे. मग झगा. क्रम चुकू नये याच काळजीत होतो, तेवढ्यात मास्क बसलासुद्धा.

एक झालं. देवा, तुझे आभार. तिचेही. हे चुकीचं असेल तर क्षमा कर.

९ सप्टेंबर

आता एकटाच येतो-जातो. दीना म्हणते, तिला एसटी सोसत नाही. जास्मिनने मोबाईलमध्ये भाग भरून दिले आहेत. नंबर लागेपर्यंत पाहतो. सारखं वाटतं, बॅटरी मध्येच गेली तर?

आज शेजारी खर्ड्याचे कादरभाई. जन्मभर टेम्पो चालवला, आता जिभेचा आजार. डोकावले.

"या वयात पोरींचं कार्टून? नातवंडं हसतील ना हो!"

"बघा तर."

बघितलं. मान डोलावून म्हणाले, "ती तयार होईपर्यंत राक्षस थांबतो. भला मानूस हाय. आमच्या घाटात कुनी एवढं थांबत न्हाई!"

हसलो. घसा दुखला, तरी हसलो.

१० सप्टेंबर

कादरभाई माझ्याआधी येऊन बसलेले! "काल पुढं काय झालं?"

१८ सप्टेंबर

थुंकी गिळवत नाही. पेज पण नको वाटते. मान बाहेरून काळी पडली आहे. हे असंच राहिलं तर?

जास्मिन म्हणते, ती तयार होते तेवढं पुढं ढकला आजोबा, रोज तेच तर असतं. नाही ढकलत. तेच तर हवं असतं! राक्षस रोज नवा, पण तयार होण्याची रीत जुनी. पोरांना मारामारी आवडत असेल, आम्हा म्हाताऱ्यांना ती तयारी. कादरभाई म्हणाले, "नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू करतो, तसंच." मला आई आठवली. चर्चला निघताना तेल लावून माझा भांग पाडायची, हनुवटी घट्ट धरून.

८ ऑक्टोबर

पंचवीस!

डॉक्टर म्हणाले, गाठ चांगली विरली, महिन्याने पुन्हा पाहू. कादरभाईंचे अजून सहा राहिले. त्यांनी हात सोडला नाही. "शमुवेलभाऊ, एकट्यानं बघायला लई जड जाईल." सगळे भाग जास्मिनकडून त्यांच्या फोनवर पाठवले.

दीना रडली. मग म्हणाली, "आता रविवारी साक्ष द्या." आमच्यात बरं झालेला माणूस चर्चमध्ये उभा राहून साक्ष देतो. पण काय बोलू? प्रभूचं नाव घेईन, ते खरंच आहे. पोरीला गाळलं तर मात्र ती खोटी साक्ष, आणि दहा आज्ञांत तीही मना आहे. तिचं नाव घेतलं तर दीना काय म्हणेल?

१२ ऑक्टोबर, रविवार

उभा राहिलो. आवाज फाटका. "प्रभूने मला बरं केलं. आणि जपानी कार्टूनमधल्या एका पोरीने धीर दिला." मागच्या बाकावर कुणी तरी फिस्सकन हसलं. थांबलो नाही. चप्पल हातात घेऊन पळालो ते सांगितलं, बायकोशी खोटं बोललो तेही. भीती सांगायला लाजत होतो, ती पोरगी लाजत नाही, म्हणून जमलं, एवढंच म्हणालो. दीना खाली बघत होती.

पाळकसाहेबांनी दारात गाठलं. "शमुवेल, देवदूत तरी म्हनायचं!"

"साहेब, देवदूत भीत न्हाईत. ती भिते."

त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

दीना घरापर्यंत चार पावलं पुढेच चालली. जेवली नाही. चारचौघांत तिला मान खाली घालायला लावली मी.

१३ ऑक्टोबर

सकाळी चुलीपुढे, माझ्याकडे पाठ करून दीना म्हणाली, "मलाबी गाठ हाय. छातीत. ईस्टरपासून. भ्याले, म्हून बोलले न्हाई."

साडेआठच्या नगरच्या एसटीत आहोत, दोघंही. देवा, ती बोलली. आभार.