आरशाचा की बिनआरशाचा

ती. दादा यांस,

गंगारामचा साष्टांग नमस्कार. (समोर असलात की मी तुम्हाला अरे-तुरे करतो, पण कागदावर ते जमत नाही. कागद म्हटला की सावंत मास्तर मागे उभे आहेत असं वाटतं.) इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि नाशिकची थंडी ही तिन्ही आटोक्यात राहावीत म्हणून रोज देवीपुढे दोन शब्द टाकतो. पुढचं सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन आला की आई शेजारी येऊन बसते आणि दोन्हीकडचं ऐकते. हे पत्र तर तिच्याविषयीच आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी आईच्या ट्रंकेतले सगळे फोटो घरापुढच्या खळ्यात मांडले. वारा होता म्हणून प्रत्येकावर एकेक नारळ ठेवला. (नारळाच्या व्यापाऱ्याला वजनाची कमतरता नसते.) मग एकेक नारळ उचलून पाहत गेलो. तुमच्या लग्नात आईचे डोळे मिटलेले. माझ्या लग्नात मिटलेले. बाबांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात बाबा, मुख्याध्यापक, शिपाई सगळे टक लावून बघताहेत आणि आई मिटलेली. एकाच फोटोत डोळे लख्ख उघडे सापडले. आनंदाने आमच्या सौ. लक्ष्मीला हाक मारली, तर ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, ही रेडी गावची मावशी. म्हणजे ऐंशी वर्षांत आईचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नाही, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं. आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्डावर मिटल्या डोळ्यांचा फोटो छापला तर लोक तेरावं समजून पांढरे कपडे घालून येतील, हेही मला पटलं. म्हणूनच तुम्ही सांगितलंत तसा कॅमेरा घ्यायचा आणि आईचे डोळे उघडे पकडायचे, असं मी मनावर घेतलं.

पण तुम्ही म्हणालात मिररलेस घे, आणि तुमच्या जावईबापूंनी डीएसएलआर घ्या म्हणून पाच व्हिडिओ पाठवले. ते मी सगळे पाहिले. एकात एक गृहस्थ दोन्ही कॅमेरे हातात धरून पंचवीस मिनिटं बोलतात आणि शेवटी म्हणतात की निवड तुमची आहे. एवढंच सांगायचं होतं तर पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर माझा एक टेम्पो नारळ भरून झाला असता. मला जे कळलं ते असं. डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. समोरचं दृश्य त्या आरशावरून वर चढून आपल्या डोळ्यात येतं, आणि बटण दाबलं की आरसा उडून बाजूला होतो. त्याचाच तो खट् असा आवाज. मिररलेसमध्ये आरसाच नाही. तिथे आपण डोळा लावतो तो एका इवल्याशा टीव्हीला. (म्हणजे आई समोर बसलेली असताना आपण आईला टीव्हीवर बघायचं. हे मला थोडं विचित्र वाटलं, पण देवळात गर्दीच्या दिवशी आपण देवीलाही टीव्हीवरच बघतो, तेव्हा चालवून घेतलं.) जावईबापूंचं म्हणणं, आरशाच्या कॅमेऱ्याची बॅटरी दिवसभर पुरते आणि जुन्या लेन्सा मुबलक मिळतात. तुमचं म्हणणं, आई त्या खट् आवाजाला दचकून डोळे मिटते, आणि मिररलेसचा आवाज पूर्ण बंद करता येतो. दोघांचंही मला पटत होतं. माझा हा जुनाच दोष आहे.

जे दोन्हीकडून पटतं ते देवीला विचारावं, असं बाबा सांगायचे. एरवी अशा क्षुल्लक गोष्टीसाठी मी तिला त्रास दिला नसता, पण हा आईचा प्रश्न होता. मंगळवारी देवळात गेलो. समर्थ गुरवाच्या कानात हळूच सांगितलं की एक वस्तू घ्यायची आहे, आरशाची घेऊ की बिनआरशाची, एवढाच कौल हवा. कॅमेरा हा शब्द गाभाऱ्यात उच्चारायला मला संकोच वाटला, आणि तिथेच सगळं चुकलं. समर्थने पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे पाकळ्या चिकटवल्या आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. “बारा-पाचाच्या म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान घरात आरशाची वस्तू आणूक काढल्यान हा, ती आरशाची आणूची काय बिनआरशाची, ता तुया उजव्या-डाव्यान दाखव.” मागून पंचवीस माणसं म्हणाली, व्हय म्हाराजा. उजवी पाकळी टपकन पडली. उजवी म्हणजे आरशाचा. मी नमस्कार करून हलक्या मनाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी बाजारातून आली ती मासे न घेताच. तिला तिथे चौघींनी अडवून विचारलं होतं की पोरगी कुठे दिली. दादा, आपल्याकडे माणूस आरशाची वस्तू कधी घेतो? कपाट. आणि आरशाचं कपाट कधी घेतो? मुलीच्या लग्नात. देवळातल्या पंचवीस जणांनी हा हिशेब एका रात्रीत सोडवला होता आणि आमच्या केतकीचं लग्न ठरवून टाकलं होतं. केतकी वेंगुर्ल्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिला तिथे मैत्रिणीने फोनवर अभिनंदन केलं, तेव्हा तिने घरी फोन करून मला शांतपणे विचारलं, “बाबा, माका सांगूचा रवला काय?” मी दोन दिवस भेटेल त्याला समजावत होतो की कपाट नाही, कॅमेरा. त्यावर समर्थ गुरव म्हणाला, “काका, मगे तुमी आधी सांगूक व्हया होता. मी मनात कपाटच धरलेला.” आता मला सांगा, माझ्या मनात कॅमेरा, गुरवाच्या मनात कपाट, तर देवीने उत्तर कशाचं दिलं? मी दोन दिवस त्यावर विचार केला. देवीला मनातलं कळतं यात शंका नाही, पण कुणाच्या मनातलं, हा प्रश्न मला कुणी सोडवून दिला नाही.

शेवटी देवबागला आल्बर्टकडे गेलो. (आल्बर्ट तुम्हाला आठवत असेल, पिएदाद बाईंचा धाकटा. आता गोव्यापर्यंत लग्नांचे फोटो काढतो. आमच्याकडूनच नारळ नेतो.) त्याच्याकडे दोन्ही जातीचे साधे कॅमेरे होते, शिकाऊ माणसाला देतात तसले. त्याने दोन्ही टेबलावर ठेवले आणि सोयरीक जमवावी तशी ओळख करून दिली. “ह्यो काळो म्हातारो, आरशाचो. धा वर्सां राबता, सकाळी जेवलो की सांजेपर्यंत कायएक मागणा नाय. अंगान जड, तोंडान फटकळ. आनी हो नवो. हलको, हुशार, माणसाचे डोळे आपणच सोधून काढता. पण दोन तासांनी भूक लागता, आनी खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदललंस तर आत सगळा उघडा.” मी विचारलं, लोक म्हणतात कंपन्या आता आरशाचे नवीन काढत नाहीत, ते खरं का? तो म्हणाला, “खरा. माझो बापूस पण कंपनी आता नवीन काढीत नाय, म्हणान काय मी तेका भायर घालू?” त्याने दोन्ही कॅमेरे गाडीत घातले आणि तोच माझ्याबरोबर घरी आला.

आईला खळ्यात तुळशीपाशी खुर्चीवर बसवलं. लक्ष्मीने तिला जांभळी साडी नेसवली. आधी मिररलेस, आवाज बंद करून. आल्बर्ट म्हणाला, “मावशी, रेडी?” आईने डोळे मिटले आणि म्हणाली, “माजा म्हायार.” त्यानंतर ती जी मिटून बसली ती बसलीच. आल्बर्टने दहा काढले, वीस काढले. आईचे डोळे उघडेनात. तो हुशार कॅमेरा डोळे शोधत होता. त्याचा तो छोटा चौकोन आईच्या चेहऱ्यावर थोडा घुटमळला आणि सरकत जाऊन मागच्या राशीतल्या एका शेंडी काढलेल्या नारळावर स्थिरावला. नारळाला तीन डोळे, तेही उघडे. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. पंधरा मिनिटांनी आईला झोप लागली असावी असं वाटून लक्ष्मीने तिच्या खांद्याला हात लावला, तर आई डोळे न उघडताच रागावली. “काय गो, अजून झालो नाय? आवाज खंय येवक?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दादा, आई आवाजाला दचकून डोळे मिटतच नाही. कॅमेरा वर उचलला की ती मिटते आणि खट् ऐकल्यावर उघडते. तिच्या लेखी खट् म्हणजे झालं, आता उघड. आणि तुमच्या मिररलेसने तो आवाजच काढून टाकला होता. आरशाच्या कॅमेऱ्याने काढले तर सगळे मिटलेले, बिनआरशाच्या कॅमेऱ्यापुढे ती जन्मभर डोळे उघडणार नाही. पाच व्हिडिओंत ही तुलना कुणी केलेली नाही.

मग मी जे केलं ते सांगायला मला थोडी लाज वाटते. आल्बर्ट जुना कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला आणि मी मुका कॅमेरा घेऊन माडाच्या आडोशाला. त्याने खट् केलं. आईने डोळे उघडले, आणि त्याच क्षणी मी बटण दाबलं. एकाने आवाज करायचा आणि दुसऱ्याने चोरायचं, अशी आमची विभागणी. फोटो पाहिला आणि आल्बर्टने हातातला कॅमेरा खाली ठेवला. देवळातून बाहेर आल्यावर माणसाचा चेहरा पहिल्या दोन पावलांपुरता जसा असतो, तसा चेहरा. डोळे आपल्याकडेच, पण अजून पुरते परत आलेले नाहीत. तुम्ही मागितला होतात तो फोटो तयार होता, कार्डवाल्याला लगेच पाठवता आला असता.

पण तो पाठवायला माझं मन होईना. आईला न कळता घेतलेली वस्तू आईच्याच मंगल कार्यात कशी वापरायची? संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी तिच्यापुढे आल्बर्टने छापून दिलेले दोन्ही फोटो ठेवले, मिटलेला आणि उघडा, आणि कसा काढला तेही सांगितलं. तिने उघडा फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, आता शिव्या. मी मध्येच विचारून टाकलं, “आये, तू डोळे कित्याक मिटतंस गो?” ती म्हणाली, “देवळात घाट वाजली की तू मिटतंस मा? मी देवीचा नाव घेतंय. फोटो मागे उरतलो, मी उरचंय नाय. उरतल्या वस्तूत नाव नको?” मी म्हटलं, पण दादा म्हणतो, मिटल्या डोळ्यांनी मेल्यासारखं दिसतं. त्यावर ती हसली, दादा, अगदी तोंडाला पदर लावून. म्हणाली, “तेका सांग, जिती आसंय तवसर माजे डोळे मी मिटतलंय. मेल्यार ते तुमी मिटतल्यात. मगे भिंतीर ह्यो उघडो लावा.” आणि मिटलेला फोटो माझ्याकडे सरकवला. “कार्डार ह्यो.”

यावर काय बोलायचं ते तुम्ही थोरले, तुम्ही ठरवा.

वहिनींना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. व्हिडिओंबद्दल त्यांचे आभार मानावेत, आणि आता पुरेत हे हळूच सांगावं.

तुमचा धाकटा,
गंगाराम

ता. क. : कॅमेरा आल्बर्टचा जुना, आरशाचाच घेतला. समोरच्याला कळवल्याशिवाय जो फोटो काढूच शकत नाही, असा कॅमेरा माझ्यासारख्याच्या हातात बरा. मुका मी त्याच दिवशी परत केला. तो माझ्या हातात दहा मिनिटं होता आणि तेवढ्यात मी चोरी केली.

ता. क. २ : हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं. सोबत एक चिकटवलेलं पाकीट आहे. त्यात तो उघड्या डोळ्यांचा फोटो आहे. तो तुमच्याकडे ठेवा आणि पाकीट इतक्यात उघडू नका. माझ्याकडे राहिला तर मी रोज काढून बघेन, आणि तसं बघणं मला बरं वाटत नाही.

ता. क. ३ : कार्डं मिटल्या डोळ्यांचीच छापून आली. चांगली दोनशे आहेत. तुमचा होकार येईपर्यंत थांबणार होतो, पण आई रोज सकाळी विचारायची की टाकलीस का, म्हणून आज पूजा झाल्यावर स्वतः जाऊन सगळी टपालात टाकली. तुमचं कार्ड आणि हे पत्र बहुधा एकाच दिवशी पोचतील. आधी पत्र वाचा, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.