श्वास चालू आहे

सोमवार, ३ मार्च

वडप्याला आज रुजू झाले! महामार्गालगतचं फळांचं भलंमोठं शीतगोदाम, मी इथली नर्स. मुरबाडहून निघताना आईचे डोळे भरून आले, माझ्या मात्र पोटात आनंद मावत नव्हता. नोकरी ललितामुळे मिळाली. नर्सिंगला आम्ही एका ताटात जेवलो, एकमेकींच्या साड्या नेसलो. आता ती इथल्या ऑफिसात आहे. गेटवरच तिने मिठी मारली, 'धम्मा, आलीस एकदाची' म्हणाली आणि बोटाला लावायचा नवाकोरा ऑक्सिमीटर भेट दिला. माझी खोली सफरचंदांच्या चेंबरांना लागून आहे. भिंती जाड पांढऱ्या पॅनेलच्या. बाहेर डांबर वितळतंय आणि आत गारेगार! आधीची नर्स कमळा लग्न होऊन नाशिकला गेली, असं ललिता म्हणाली.

गुरुवार, ६ मार्च

हमालांना आज माहिती दिली. चेंबरमध्ये नायट्रोजन भरून ऑक्सिजन जवळजवळ संपवतात, म्हणून सफरचंद महिनोन्‌महिने पिकत नाही. तिथे माणसाचं काय होतं, ते फळ्यावर काढून दाखवलं. हृदयाच्या उजव्या बाजूचं काळपट रक्त फुप्फुसांत जातं. तिथे हवेचे इवलेसे फुगे असतात आणि त्यांच्याभोवती संत्र्याच्या जाळीसारख्या बारीक रक्तवाहिन्या. मधली भिंत इतकी पातळ, की ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि लाल झालेलं रक्त डाव्या बाजूला येऊन अंगभर जातं. पण ही देवाणघेवाण जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे, एवढंच जाणते. फुग्यात ऑक्सिजनच नसेल, तर रक्तात उरलेलाही बाहेर पडतो. माणूस श्वास घेत राहतो आणि श्वासच त्याला रिकामा करतो.

जानूकाका पूर्णा गावचे, इथले सगळ्यात जुने हमाल. त्यांनी विचारलं, "पर बाय, दम कोंडला तं कळंल ना?"

नाही कळत, असं सांगावं लागलं. जीव गुदमरतो तो कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून, ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. आणि तो तर नीट बाहेर पडत असतो.



मंगळवार, ११ मार्च

जेवणानंतर रोज डोकं धरतं. आज एका हमालाच्या हातावर दोनदा पट्टी बांधली, पहिली बांधल्याचं विसरूनच गेले. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, म्हणजे काळजीचं काही नाही. ललिता म्हणाली, ऊन बाधलंय, ताक पी. औषधांच्या कपाटामागे बारीक फुसफुस ऐकू येते. प्लांटचा टेक्निशियन मोहिउद्दीन याला विचारलं, तर म्हणाला, नायट्रोजनचा पाइप तिथून जातो, थोडा लीकेज आहे, ऑफिसला कधीचं सांगितलंय. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

सोमवार, १७ मार्च

कमळा नाशिकला गेलेली नाही.

जानूकाका चहाच्या टपरीवर सहज बोलून गेले. कमळा माझ्याच खोलीत, खुर्चीत बसल्याबसल्या गेली. हार्ट फेल, असं सांगण्यात आलं. तिचं तर लग्नही ठरलं नव्हतं. मी नाशिकचं सांगितलं, तशी काकांनी जीभ चावली. "मला वाटलं, ललिताबायनं सांगितलं असंल तुला."

मंगळवार, १८ मार्च

ऑक्सिमीटर पेन्सिलीला लावून पाहिला.

९८.

मग आवळ्याच्या फोडीला लावला. ९८. रुमालाच्या गुंडाळीला लावला. ९८. रोज विश्वासाने बोट घालत होते मी त्यात. आणि दिला कोणी—

बुधवार, १९ मार्च

ललिताला गाठलं. खूप रडली. कमळाच्या 'हार्ट फेल'च्या कागदांवर तिची सही आहे. ऑक्सिमीटर मुद्दाम तसला आणला, हेही कबूल केलं. मी घाबरून निघून जाऊ नये म्हणून, म्हणे. मी विचारलं, आणि मी मेले असते तर?

उद्या सरकारी तपासणी आहे. आपण दोघी मिळून तपासणीच्या साहेबांना सगळं सांगू, मीच त्यांना तुझ्या खोलीत घेऊन येते, असं तिने आईची शपथ घेऊन सांगितलं. सोडून जावंसं वाटतं. पण भिंतीपलीकडे हमाल डबे खातात. फुसफुस त्यांनाही—

गुरुवार, २० मार्च

दार उघडं ठेवून बसले होते. ललिता आली. साहेब आलेत, दोनच मिनिटं, म्हणाली. आणि दार ओढून घेतलं. बाहेरून खटका पडला.

ठोकलं. ओरडले. जाड पॅनेल, बाहेर यंत्रांची घरघर, माझा आवाज पोचत नाही. फोनला रेंज नाही.

दाराला कान लावला, तर साहेबांचे बूट पुसट ऐकू आले. ललिता हसत बोलत होती, इथे जुनं सामान आहे म्हणाली. मी दारावर हात आपटत—

कपाट ढकललं. पाइपच्या भेगेत चिंधी कोंबली. फुसफुस थांबत नाही.

श्वास चालू आहे. नीट चालू आहे. तेच भय—

नखं निळी. अक्षर वाकडं जातंय.

तिला माहीत होतं. तिला सगळं माहीत

बरं वाटतंय आता. भीती गेली. ललिता येईल, तीही घाबरली असेल बिचारी, तिचाही नाइलाज— नाही. नाही. हे मी नाही म्हणत. मेंदूला ऑक्सिजन नाही म्हणून हे. मी तिला माफ केलेलं नाही. कोणी वाचलं तर— माफ केलेलं नाही, मी शुद्धीत असताना तिला

ललिताची ती पिवळी साडी किती छान