नववीचा वर्ग गप्प का होता

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच. आज तर चांगलंच भांडायचंय. हडपसरच्या पलीकडची ती शाळा आठवतेय ना? उसाची शेतं विकून तिथे नुकत्या सोसायट्या उठत होत्या, आणि जो तो पालक फाटकाशीच विचारायचा, "आमचा कॉम्प्युटरला जाईल ना?" शाळेतल्या समुपदेशनाचा कोर्स करणाऱ्या आम्ही तुमच्या विद्यार्थिनी, कृतिसंशोधनासाठी विषय शोधत होतो. मुख्याध्यापक म्हणाले, आठवीचा गोंधळ थांबवा. तुम्ही म्हणालात, "गोंधळ घालणारी मुलं ठीक असतात हो. ती शेजारची नववी इतकी गप्प का, ते बघू या." मधल्या सुट्टीतसुद्धा त्या वर्गातून आवाज येत नव्हता. माझ्या अंगावर काटा यायचा, आणि बाकीचे म्हणायचे, काय शिस्त आहे!

नववीच्या वर्गशिक्षकांनाही तुम्ही सामील करून घेतलंत. सगळ्यांनी मिळून करायचं संशोधन, मग त्यांना वगळून कसं चालेल? वर्गात एखादा बदल करायचा, आठवडाभर बघायचं, शनिवारी प्रयोगशाळेत एकत्र बसून बोलायचं. बाकं गोल मांडली. मुलं गोलात बसली आणि गोलात गप्प राहिली. सर मात्र भारी उत्साही, सगळ्यांसाठी भेळ आणायचे. मला ते आवडायचे, खोटं कशाला बोलू? मग एकदा पाण्याच्या टाकीपाशी मांजरी गावाहून येणारी नववीतली एक मुलगी माझ्याजवळ सरकते आणि हळूच म्हणते, "शाळा सुटायच्या आधी सर एकेकाला बोलवत्यात. कोण काय बोललं, कोण चुकलं, कुणाचं तरी नाव सांगायलाच लागतं. ज्याचं नाव जास्त येतंय, त्याच्याशी दुसऱ्या दिशी कुणी बोलायचं न्हाई. म्हनून आमी बोलतच न्हाई."

मी धावत तुमच्याकडे आले. आणि तुम्ही तुमचा तो नियम काढलात: आपल्याबरोबर बसणाऱ्या माणसाबद्दल काही कळलं, तर ते आधी त्यालाच सांगायचं. शनिवारी तुम्ही त्यांना सांगितलंत, सौम्य शब्दांत, मुलीचं नाव न घेता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. कोण म्हणालं ते नका सांगू. माझं मला कळेल." तुम्ही समाधानाने हसलात, बाई. मी सरांची भेळ तशीच बाजूला सारली.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारी आपण दोघी तिच्या घरी गेलो, तर वडील म्हणाले, "सर परवा सांजच्याला येऊन गेलं. लई देवमाणूस हाय. पोरगी खोटं बोलाया लागली म्हनले, येळीच आवरा. मामाकडं धाडली. लग्नाचं बघतोय." नववीतली मुलगी! तुम्ही किती समजावलंत, किती खेपा घातल्यात, संस्थेकडे तक्रार केलीत. पण त्या वर्गाचा निकाल सगळ्यात वरचा, मग कोण ऐकतंय? ती परत आली नाही.

आता तो कोर्स मी चालवते. आणि ते सर आयटी पार्कजवळच्या एका चकचकीत शाळेचे मुख्याध्यापक आहेत. परवा त्यांचा फोन आला, "संशोधनासाठी तुमच्या विद्यार्थिनी आमच्याकडे पाठवा." "बाईंमुळे मी घडलो," म्हणाले. "आपण सगळे मिळून बसू. काही कळलं तर आधी मलाच सांगाल, खात्री आहे माझी." काल मी शाळा बघून आले. मधली सुट्टी चालू होती आणि सगळेच्या सगळे मजले गप्प होते.

उद्या मी माझ्या विद्यार्थिनींना घेऊन जाणार आहे. सरांसमोर बसेन, चहा घेईन, गोड बोलेन. पण मुलं जे सांगतील, त्यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर पडू देणार नाही. ते थेट पोलिसांकडे आणि बालकल्याण समितीकडे जाईल. भीती वाटतेय. लोक म्हणतात, अशा वेळी बाई हव्या होत्या. मी मान हलवते. पण खरं सांगू? तुम्ही आज असतात, तर हे मी तुमच्यापासूनही लपवलं असतं.